नॅशनल पार्कातले किडे आणि रानफुलं : फोटो छान येतो पण ओळख पटत नाही, नक्की काय काय टिपायचं?

मेघना_ठाणे
नमस्कार मंडळी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची येऊरची बाजू माझ्या घरापासून जवळ आहे, त्यामुळे पावसाळा लागला की सुट्टीच्या सकाळी मी तिकडेच सापडते. आधी नुसतं चालायला जायचे, मग मोबाईलवर फुलांचे फोटो काढायला लागले आणि यंदा भावाचा जुना डीएसएलआर आणि १०० एमएमची मॅक्रो लेन्स हाताशी आली. फोटो बरे येतात असं सगळे म्हणतात, मागे हिरवं हिरवं धूसर आणि पुढे फूल एकदम कडक फोकसमध्ये. पण घरी येऊन पुस्तक उघडून बसलं की नाव काही सापडत नाही.

उदाहरणं देते. एक पिवळं धमक फूल, वरच्या पाकळीवर दोन लालसर ठिपके, कान्हेरीच्या वरच्या कातळावर ओल्या गवतात होतं. दुसरी एक लाल मुंगी, आंब्याच्या पानावर एकटीच फिरत होती, मी लेन्स जवळ नेली तशी पानावरून खाली गेली आणि धाग्याला लटकली. दोघांचेही फोटो जोडलेत.

तर ओळख पटावी म्हणून फोटो कसे काढायचे, आणि ते करताना रानाला त्रास कसा होऊ द्यायचा नाही, हे जाणकारांनी सांगा. कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल सांगितलंत तरी चालेल.

रानवेडा
पिवळं फूल म्हणजे कवला. मिकी माऊस म्हणतात तेच. पुढचा प्रश्न?

बॉटनीवाली
@रानवेडा, कवला बरोबर आहे, पण कोणता? स्मिथिया ही प्रजाती झाली, आपल्याकडे तिच्या बऱ्याच जाती आहेत आणि लांबून सगळ्यांची फुलं पिवळीच दिसतात. त्यातली एक तर आघारकरांच्या नावाची आहे, स्मिथिया आघारकरी. शंकर पुरुषोत्तम आघारकर, ज्यांच्या नावाने पुण्यात संशोधन संस्था आहे तेच. या जाती वेगळ्या करताना बाह्यदलांवरच्या शिरा आणि केस बघतात, म्हणजे फुलाच्या मागचा भाग. आणि मेघनाताईंच्या फोटोत नेमका तोच नाहीये, मागे नुसता धुरकट हिरवा पडदा आहे.

मेघनाताई, एक सवय लावून घ्या. फूल समोरून टिपलंत की लगेच बाजूने एक आणि मागून एक. मग पान, वरची बाजू आणि खालची बाजू. पानं देठावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसेल असा खोडाचा एक फोटो. मग दोन पावलं मागे येऊन अख्खं झाड आणि ते कुठे उगवलंय ती जागा, कातळ आहे की झाडाची सावली की ओढ्याचा काठ. फळ किंवा शेंग आली असेल तर ती सोन्याहून पिवळी. शेजारी बोट धरलं तर आकारही कळतो. हे शेवटचे फोटो दिसायला अगदी सामान्य असतात, कोणी लाईक देणार नाही, पण नाव त्यांच्यातूनच निघतं. पाच मिनिटं जास्त जातात फक्त.

आणि फूल तोडून घरी आणून बघू असं मनातसुद्धा आणू नका, तिथे ते बेकायदेशीर आहे.

गोगलगाय
अरे वा, वाचूनच छान वाटलं. माझ्याकडे हजारभर सुंदर अनामिका आहेत, म्हणजे फुलं हो.

किटकनाशक_नाही
मुंगीबद्दल. मेघना, मुंगी कधी धाग्याला लटकलेली बघितली आहेस का? पाय मोज. फोटो वरून काढलायस त्यामुळे पुढची जोडी मिशा असल्यासारखी वाटते आहे. पुढच्या वेळी बाजूने आणि समोरून काढ, डोळे दिसू देत. मी आत्ता उत्तर सांगत नाही, तूच शोध.

बाकी किड्यांचंही फुलांसारखंच आहे, फक्त किडा थांबत नाही हा फरक. फुलपाखराचा पंख उघडलेला फोटो सगळ्यांना आवडतो, पण कितीतरी जातींची ओळख पंख मिटल्यावर खालच्या बाजूला असते. ग्रास यलो घ्या. छोटी पिवळी फुलपाखरं, टाकळ्याच्या आसपास भरपूर दिसतात. उडताना सगळी एकसारखी. मिटलेल्या पुढच्या पंखाच्या आतल्या भागात दोन ठिपके असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री स्पॉट. ते ठिपके इतके लहान असतात की फोटो मोठा करून बघितल्याशिवाय कळत नाही. चतुर आणि टाचणी यांचे वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचा असे तीन तरी हवेत, नराच्या शेपटीच्या टोकाला जे चिमटे असतात त्यांच्यावरून जात कळते. माशा, भुंगे, गांधीलमाशा यांच्यात तर कधीकधी पंखांवरच्या शिरा बघाव्या लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किडा ज्या झाडावर बसलाय त्या झाडाचा फोटो काढा. सुरवंट असेल तर झाड कळलं की अर्धं काम झालं. लिंबावर हिरवा सुरवंट म्हणजे शोध लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखरांतच घ्यायचा, रुईवर पांढरे काळे पिवळे पट्टे असलेला म्हणजे प्लेन टायगर या फुलपाखराचा. झाड ओळखता आलं तर किडा ओळखता येतो, म्हणून या धाग्यात बॉटनीवाली आणि मी दोघंही एकच गोष्ट सांगतोय असं समजा.

प्रथमेश_न्यू_जर्सी
आमच्याकडे परसात मिल्कवीड लावलंय, त्यावर मोनार्क फुलपाखरं येतात. त्यांचा सुरवंट पण असाच पट्ट्यापट्ट्यांचा असतो. प्लेन टायगर त्याचाच भाऊबंद ना?

किटकनाशक_नाही
हो, दोघंही डॅनस या एकाच प्रजातीतले. तुमचं मिल्कवीड आणि आमची रुई पण एकाच कुळातली, तोच पांढरा विषारी चीक. तो खाऊन दोघंही बेचव होतात म्हणून पक्षी त्यांना टाळतात. आणि इथली गंमत अशी की डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, ती बेचव नसते पण पक्ष्यांना फसवते. नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. नवरा बायको शेजारी बसली तरी दोन वेगळी फुलपाखरं वाटतात. फोटो काढणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं.

फोकस_पोकस
सेटिंगबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून मी बोलतो. मेघना, शंभरची मॅक्रो म्हणजे उत्तम लेन्स आहे. पण धूसर मागचा भाग दिसावा म्हणून लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून, म्हणजे एफचा आकडा सगळ्यात लहान ठेवून काढत असशील तर तिथेच घोळ आहे. एकास एक आकारात अगदी जवळून काढताना फोकसमध्ये येणारी खोली मिलिमीटरमध्ये असते, एफ २.८ ला तर डोळा फोकसमध्ये आणि मिशा बाहेर. ओळखीसाठी एफ ८ ते एफ ११ ठेव, त्यापुढे फार जाऊ नको कारण फोटो मऊ पडायला लागतो. मग उजेड कमी पडतो, पावसाळ्यात रानात तर जास्तच, म्हणून फ्लॅश. फ्लॅश नुसता मारलास तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो आणि रंग जातो, म्हणून समोर डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा. विकतचा नको, खाऊच्या डब्यातून निघतं तसलं पातळ पांढरं फोमचं शीट लेन्सच्या पुढे झुकेल असं लावलं की काम झालं.

पांढऱ्या फुलांना एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेव, नाहीतर पाकळीवरच्या रेषा जातात. कळलावीसारख्या लाल फुलाला पण तेच, लाल रंग आधी जळतो आणि स्क्रीनवर कळत नाही. ढगाळ हवा फुलांना सगळ्यात चांगली, ऊन पडायची वाट बघू नको.

आणि फोकस हाताने ठेव. लेन्स एका अंतरावर ठेवायची आणि स्वतः हळूहळू पुढेमागे व्हायचं. ऑटोफोकस गवताची काडी पकडून बसतो.

मोबाईलवाला_संतोष
म्हणजे आमच्यासारख्या मोबाईलवाल्यांनी काय करायचं, घरी बसायचं का?

फोकस_पोकस
अजिबात नाही. क्लिपवाली मॅक्रो लेन्स मिळते ती लाव, किडा मात्र दोन तीन सेंटीमीटरवर यायला हवा. कॅमेऱ्यासोबत येते ती साधी किट लेन्स असलेल्यांनी रेनॉक्स डीसीआर २५० बघा, पुढे अडकवायची काच आहे, मॅक्रो लेन्सपेक्षा पुष्कळ स्वस्त.

बॉटनीवाली
संतोष, फुलांच्या ओळखीसाठी मोबाईल उलट जास्त सोयीचा आहे. अख्खं झाड, जागा, पान सगळं पटापट निघतं आणि ठिकाण वेळ आपोआप नोंदली जाते. मी स्वतः आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या साइटवर, टाकते त्यातले निम्म्याहून जास्त फोटो मोबाईलचेच असतात.

साताऱ्याचा_मन्या
चांगला धागा. पण मुद्द्याचं कोणी बोललं नाही, मागून एक बाजूने एक पानाचा एक म्हणताना माणूस पाय कुठे ठेवतो? मी कासच्या बाजूचा. पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं आणि सप्टेंबर आला की गाड्यांची रांग. आता ऑनलाईन बुकिंग आहे, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे, वाटा आखलेल्या आहेत, तरी कोणीतरी एक जण मॅक्रो घेऊन आत घुसतोच आणि आडवा पडतो. त्याच्या पोटाखाली काय असतं माहितेय का? सीतेची आसवं. ती निळी जांभळी फुलं दिसतात तेवढीच वर असतात, खाली ओल्या मातीत मुळांसारख्या तंतूंना अगदी बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्या पिशव्या किडे पकडतात. पाण्यातला बारीक जीव पिशवीच्या तोंडाच्या केसांना लागला की तोंड उघडतं आणि जीव आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात. कातळावर माती तरी किती, काही बोटं. त्यावर एक माणूस लोळला की पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार.

दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा, त्या किडे पकडणाऱ्या रोपाचंही तसंच. लाल केसांवर चिकट थेंब, त्यात अडकलेला डास सगळ्यांना टिपायचा असतो, आणि ते रोप जमिनीपासून जेमतेम वर असतं. एका वर्षी एका ग्रुपने एका रोपाभोवती गोल करून अर्धा तास फोटो काढले. रोप वाचलं. आजूबाजूचं सगळं चिखल झालं.

रानवेडा
मन्या, शंभर टक्के सहमत, पण कासला कुंपण घालून काय साधलं सांग. गुरं बंद झाली, गवत वाढलं, आणि लहान फुलं दबली असं गावातले लोकच म्हणतात.

साताऱ्याचा_मन्या
ते मी पण मानतो. गुरं पिढ्यानपिढ्या चरत होती, त्यांनी गवत कमी राहायचं. पण गुरं आणि फोटोवाले एक नव्हेत. गाय एका रोपाभोवती अर्धा तास गोल करून उभी राहत नाही.

बॉटनीवाली
चराईचा मुद्दा सोपा नाही. कुठल्या महिन्यात, किती गुरं, त्यावर सगळं अवलंबून आहे. फुलं बीवर यायच्या आधी चरली तर वेगळा परिणाम, नंतर चरली तर वेगळा. गवत उंच झालं की सपाट बुटक्या वनस्पतींना ऊन मिळत नाही हे मात्र नक्की. यावर वेगळा धागा काढा, इथे फोटोबद्दलच बोलूया.

मन्याच्या मूळ मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. नियम एकच ठेवा. वाटेवरून पाय न हलवता जे टिपता येतं तेच टिपायचं. शंभरच्या लेन्सने फुलाचं मागचं टोक वाटेवर गुडघे टेकून पण येतं, आणि नाही आलं तर नाही आलं. पुढच्या वळणावर वाटेच्या कडेला तीच जात असते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तर दगड बघून पाय टाका, ओल्या गवतात नाही.

शाळामास्तर
दगड बघून पाय टाका आणि दगड उचलून बघू नका, हेही सांगा मुलांना. मी वर्गाला घेऊन जातो तेव्हा दहा दगड उलटे झालेले असतात. त्याखाली विंचू, गोगलगाई, किड्यांची अंडी, सगळ्यांचं घर असतं. उलटा दगड पुन्हा तसाच ठेवला पाहिजे.

गोगलगाय
गोगलगाईंच्या वतीने मास्तरांचे आभार.

किटकनाशक_नाही
आता मला जे सगळ्यात जास्त खुपतं ते लिहितो. काही लोक किडे पकडून फ्रीजमध्ये ठेवतात, गार होऊन हलेनासे झाले की फुलावर बसवून फोटो काढतात. काही सुरवंटाला काडीवर चिकटवतात, कोणी बेडकाला हातात धरून पावसात छत्री देतात. फोटोला बक्षीस मिळतं. मला तो फोटो बघवत नाही. शिवाय त्यातून माहितीही खोटी जाते. जो किडा त्या फुलावर कधी येत नाही तो तिथे बसलेला दिसतो, आणि उद्या कोणीतरी तोच पुरावा म्हणून देतं.

गरजच नाही त्याची. पावसाळ्यानंतर सकाळी लवकर जा. रात्रभर थंडीने आणि दवाने फुलपाखरं, चतुर, टाचण्या गवताच्या काडीवर बसलेल्या असतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. सावली त्यांच्यावर पडणार नाही अशा बाजूने जा, सरळ वरून वाकू नका, बाजूने समांतर या, थांबा, पुन्हा थोडं पुढे. चार फुटांवरून पहिला फोटो घ्या, मग जवळ. उडाला तर उडाला.

दुपारची आणखी एक जागा सांगतो. ओढ्याकाठची ओली वाळू. फुलपाखरं तिथे गर्दी करून बसतात, बहुतेक नर असतात, ओल्या मातीतून क्षार घेत असतात, त्यात सोडियम महत्त्वाचं. जमिनीवर गुंग झालेले असतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मन इथे हमखास मिळतं. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर झालं, तोवर देशात कुठल्याच राज्याने असं केलं नव्हतं. नुसतं उडताना दिसतं तेव्हा काळं निळं एवढंच कळतं, वाळूवर बसलं की पंखाच्या मुळाशी असलेला लाल ठिपका खालून बघा.

पणजीचो_माणूस
आमच्याकडे मोल्याच्या जंगलात मलबार ट्री निंफ दिसतं, मोठं, पांढरं, काळे ठिपके, झाडांमधून इतकं सावकाश तरंगत जातं की व्हिडिओ काढता येतो, फोटो मात्र नेहमी पाठमोरा. त्याच्यामागे रान तुडवत जाऊ नका, एका जागी उभे राहा, तेच फिरून येतं.

स्वाती_पुणे
काजव्यांबद्दल कोणी लिहाल का? आम्ही मेच्या शेवटी गेलो होतो, खूप गर्दी होती आणि सगळ्यांच्या टॉर्च चालू, माझ्या फोटोत काजवे कमी आणि टॉर्च जास्त आल्या.

किटकनाशक_नाही
स्वातीताई, काजवे एकमेकांना उजेडाने खुणावतात. टॉर्च, गाडीचे दिवे, फ्लॅश, या सगळ्याने त्या खुणा बिघडतात, आणि तो त्यांच्या जोडीदार शोधण्याचा काळ असतो. काजव्यांना फ्लॅश कधीच नाही. ट्रायपॉड, जास्त वेळाचं एक्स्पोजर, आणि टॉर्चला लाल जिलेटीन लावून फक्त पाय बघण्यापुरता. भंडारदरा, पुरुषवाडीच्या बाजूला गर्दी होते तेव्हा लोकांनी शेवटच्या झाडांपर्यंत गाड्या नेऊ नयेत एवढं तरी पाळावं.

फोकस_पोकस
फ्लॅशवरून माझ्यावर आलं म्हणून सांगतो, दिवसा डिफ्यूजर लावून मारला तर मला कधी किडा दचकलेला दिसला नाही. पण पिलांवर, घुबडावर, काजव्यांवर नाहीच.

रानवेडा
तरी पण एखाद्या किड्यावर लागोपाठ तीसेक फ्लॅश मारणारे बघितलेत मी. त्याचं काय?

फोकस_पोकस
ते फोकस स्टॅक करतात. थोडं थोडं पुढे सरकत खूप फोटो काढून जोडतात. मला ते घरच्या गॅलरीतल्या ढालकिड्यावर करायला आवडतं, रानात नाही. चार फोटोंत जात कळते तेवढं पुरे.

वऱ्हाडी_शेतकरी
ढालकिड्यावरून आठवलं. आमच्या कपाशीवर मावा आला की ढालकिडा येतो, तो मावा खातो. त्याची अळी ढालकिड्यासारखी अजिबात दिसत नाही, काळपट लांबट अन् बारीक काटे असलेली. शेजारच्यानं ती पाहून फवारा मारला, म्हणे कीड आहे. मित्रकिडाच मारला. म्हणून म्हणतो, मोठ्या किड्यासोबत त्याची अंडी, अळी, कोष यांचे फोटो पण टाकत जा. शेतकऱ्याच्या कामाला तेच येतात. आम्हाला फुलांचे वॉलपेपर काय करायचे.

मेघना_ठाणे
इतकी उत्तरं बघून खूप आनंद झाला. दादा, अळ्यांचे फोटो मी आजवर काढलेच नव्हते, आता काढणार. आणि मन्यादादा, वाटेवरूनच टिपायचं हे मनापासून पटलं.

एक विचारायचं होतं. येऊरच्या एका पाड्यातल्या आजींनी एका झुडपाला कारवी म्हटलं, मी म्हटलं फुलं कुठेत, तर त्या म्हणाल्या, आता मुलगी मोठी होईल तेव्हा ये. तेव्हा मला वाटलं टोलवतायत.

बॉटनीवाली
आजींनी अगदी खरं सांगितलं. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, एका भागातली सगळी झाडं एकाच वर्षी, आणि बी धरून वाळून जाते. नॅशनल पार्कात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. त्यामुळे पुढचा बहर २०३२ च्या सुमारास. तोवर कारवीचे फोटो काढायचे नाहीत असं अजिबात नाही. यंदा बघा, वाळलेल्या सांगाड्यांखाली नवी रोपं कशी दाट आलीत. पानांची कडा, खोडाच्या पेऱ्यांवरची गाठ, पानांवर बसलेले टोळ, हे सगळं टिपा, कारण लोक फक्त बहराच्या वर्षी येतात आणि मधल्या सात वर्षांचे फोटो जवळपास नसतातच. एकाच जागेचा फोटो दरवर्षी त्याच महिन्यात काढत राहिलात तर तुमच्याकडे जे असेल ते कोणाकडेच नसेल.

पाड्यातले लोक कारवीच्या काठ्यांची कुडाची भिंत करतात, ती लिंपतात. आजींना विचारा, अजून खूप सांगतील. आणि त्यांचं नाव, पाड्याचं नाव न विचारता टाकू नका.

साताऱ्याचा_मन्या
आणि दुर्मीळ आमरी (ऑर्किड), कंदीलपुष्प (सेरोपेजिया) सापडलं तर नेमकं ठिकाण उघड टाकू नका. कंदीलपुष्पाचे कंद लोक खणून खातात, आमरी तर उपटून घरी कुंडीत लावतात आणि त्या मरतात. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करता येतं, तेच करा. नकाशावर टिंब पडलं की पुढच्या रविवारी तिथे पाय पडतात.

शाळामास्तर
कंदीलपुष्पाचा एक फोटो माझ्या वर्गात लावलाय. त्या नळीच्या आतले केस खालच्या बाजूला वळलेले असतात, चिमुकली माशी आत जाते, बाहेर येता येत नाही, परागकण लागतात, मग केस वाळतात आणि माशी सुटते. सातवीच्या पोरांना मी विचारलं होतं, फूल माशीला का सोडतं? एकीनं सांगितलं, मारून टाकली तर पराग पुढे कोण नेणार सर. या पोरीला मी बॉटनीलाच घालणार.

मोबाईलवाला_संतोष
मास्तर, तिच्या आईवडिलांना आधी विचारा.

रानवेडा
गोचिडांबद्दल कोणीच लिहिलं नाही. ऑक्टोबर ते उन्हाळा गवतातून चालताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात, घरी आल्यावर कपडे वेगळे. आणि येऊरला बिबटे आहेत, पहाटे एकट्याने जाऊ नका, वाकून किड्याचा फोटो काढणारं माणूस बिबट्याला लहान दिसतं.

मेघना_ठाणे
मुंगीचं उत्तर मिळालं. परवा मैत्रिणीला घेऊन पुन्हा त्या आंब्याकडे गेले, तिथे वरच्या फांदीवर लाल मुंग्यांचं पानं शिवून केलेलं घरटं आहे. खाली पानावर तीच "मुंगी" होती. यावेळी बाजूने आणि समोरून काढले, डिफ्यूजरही लावला. मोजले, पाय आठ. पुढची जोडी वर उचलून मिशांसारखी हलवत होती. समोरून मोठे दोन डोळे, त्यांच्या बाजूला छोटे. अंगावर मधोमध खाच, त्यामुळे डोकं आणि धड वेगळं असल्यासारखं भासतं. म्हणजे कोळी आहे, उडी मारणाऱ्यांपैकी. बरोबर का?

किटकनाशक_नाही
अगदी बरोबर! मुंगीची नक्कल करणारा उडी मारणारा कोळी, लाल मुंग्यांची नक्कल करणाऱ्यांपैकी. लाल मुंग्या चावऱ्या, आंबट, म्हणून कितीतरी शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि याला तेच हवं असतं. तो लटकला तो धागा सुरक्षेचा, उडी मारायच्या आधी हे कोळी धागा चिकटवून ठेवतात. नर असेल तर पुढे लांब जबडे असतात, बघ दिसतात का, फोटोत तोंडाशी सरळ पुढे आलेलं काही आहे का?

मेघना_ठाणे
नाही, तोंड आखूड आहे. मग मादी?

किटकनाशक_नाही
मादी किंवा पूर्ण वाढ न झालेला. तिन्ही फोटो एकाच नोंदीत टाक, आणि त्या मुंग्यांच्या घरट्याचा पण टाक, मॉडेल, म्हणजे ज्याची नक्कल होते तो, आणि नकलाकार शेजारी असल्याचा पुरावा फार कमी लोक देतात.

बॉटनीवाली
आणि कवल्याचं काय झालं? वर गेलीस का?

मेघना_ठाणे
कान्हेरीला अजून गेले नाही, फुलं सरली असतील तर?

बॉटनीवाली
फुलं सरली तरी जा, तेव्हाच शेंग आलेली असते. बाह्यदलांच्या आत घडी घातल्यासारखी शेंग बसलेली दिसेल, बाह्यदलांच्या शिरांचा फोटो पण त्यावेळी नीट निघतो, पाकळ्या मध्ये येत नाहीत. पानं हाताला लागली की मिटतात का तेही एकदा बघ, पण एकाच पानाला, आणि वाटेवरच्या रोपाच्या.